यादीत सगळ्यात वर

शनिवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी शरच्चंद्र देवस्थळी यांनी मुलाचं काम स्वतः एकदा तपासून बघायचं ठरवलं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली होती. तिथेच सगळं फसलं, पण ते पुढे.

शरच्चंद्र कस्टम्समध्ये अप्रेझर होते. गोदीत उतरलेला माल आणि त्याच्यासोबत आलेला कागद एकमेकांशी जुळतात की नाही, हे बघण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. त्यातली शेवटची सोळा कोलकात्यात, खिदिरपूरच्या गोदीत. कागदावर चष्म्याच्या फ्रेमा लिहिलेल्या असतील तर खोक्यात हात घालून फ्रेम बाहेर काढल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. आता ही सवय घरी येताना चपलांबरोबर दाराशी काढून ठेवता येत नाही. त्यामुळे बेहालाच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये निळ्या पुठ्ठ्याचं एक रजिस्टर होतं. सिलिंडर कधी आला, पडदे कधी धुतले, वायफायचा पासवर्ड काय, हे सगळं त्यात तारीख आणि वेळेसकट नोंदलेलं असे, आणि प्रत्येक नोंदीखाली इंग्रजीत आद्याक्षरांची सही. (पडदे धुवायच्या शकुनताई. सही शरच्चंद्रांची.)

मुलगा अजेय टॅबलेट बनवणाऱ्या एका कंपनीत होता. नोकरी लागून वर्ष होत आलं होतं, पण तो तिथे नक्की काय करतो हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. विचारलं की तो "सॉफ्टवेअर" म्हणे, आणि शरच्चंद्र तिथल्या मराठी मंडळात तेच पुढे सांगत. त्या शनिवारी तो कंपनीचा एक टॅबलेट घरी घेऊन आला होता आणि चहाच्या वेळी त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"झालंय तरी काय?" शकुनताईंनी विचारलं.

"आई, ते वायफायचं सेटिंग असतं ना? तिथे सगळ्या नेटवर्कची यादी येते. आपण ज्याला जोडलेले असू ते सगळ्यात वर दिसायला पाहिजे. एकदाच. पण काही लोकांच्या टॅबलेटमध्ये ते वर दिसतं आणि खाली यादीत परत दिसतं. म्हणजे दोनदा."

"मग?" शरच्चंद्र म्हणाले.

"मग ते ठीक करायचंय. गिऱ्हाइकं तक्रार करतात, पण आमच्या ऑफिसमध्ये ते होतच नाही. झालंच नाही तर कारण कसं सापडणार?"

"किती दिवस चाललंय हे?"

"पाच आठवडे."

शरच्चंद्रांनी कप खाली ठेवला. "एक ओळ जास्त येते, ती खोडायला पाच आठवडे? आमच्याकडे पाच मिनिटांत खोडून सही करतो आम्ही."

अजेयने हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. मग बशीतल्या बिस्किटाकडे बघत त्याने खरी गोष्ट सांगितली. मंगळवारी त्याचं प्रोबेशन संपत होतं. तोवर कारण सापडलं तर इथेच कायम. नाही सापडलं तर हे काम नोएडाच्या टीमकडे जाणार, आणि त्याच्यासोबत अजेयही.

"नोएडा?" शकुनताई म्हणाल्या. "तिथे आपलं कोण आहे?"

तिथे कुणी नव्हतं. कोलकात्यात तरी कुठे होतं? सोळा वर्षांपूर्वी बदलीचा कागद आला तेव्हा एका अनोळखी शहरात चार भिंती मिळाल्या होत्या, आणि त्या चार भिंतींचं घर झालं ते या पोरामुळे. ते आता एका जास्तीच्या ओळीपायी रिकामं होणार होतं. शरच्चंद्रांना वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की त्यांना काहीतरी तपासावंसं वाटतं.

अजेय आंघोळीला गेला. शकुनताई खाली मासेवाल्याशी बोलत होत्या. (घेत काही नसत. पण सोळा वर्षांत बंगाली पक्कं झालं ते त्याच्याशी बोलून.) टॅबलेट जेवणाच्या टेबलावर होता. शरच्चंद्रांनी चष्मा लावला आणि यादी उघडली.

सगळ्यात वर 'देवस्थळी', आणि त्याखाली 'कनेक्टेड'. मग रेघ. रेघेखाली शेजारपाजार: 'दत्त निवास', 'जॉय मा तारा', 'बापी सेकंड फ्लोअर'. सगळं नियमानुसार. पण कागदावर लिहिलंय म्हणून माल आहेच असं मानणाऱ्यांपैकी शरच्चंद्र नव्हते. 'कनेक्टेड' म्हणजे खरंच कनेक्टेड आहे कशावरून? त्यांनी टीव्हीमागे हात घालून राउटरचं बटण बंद केलं आणि परत येऊन बघितलं. यादीतून 'देवस्थळी' गायब झालं होतं.

इथे दुसरा कुणी माणूस उठून राउटर परत चालू केला असता. शरच्चंद्र अस्वस्थ झाले. यादीत आपल्या घराचं नावच नाही. वर आता 'दत्त निवास' होतं. आणि खाली, यादीच्या शेवटी, अधिकचं एक चिन्ह होतं: नेटवर्कची नोंद हाताने करा.

नोंद हाताने करायची म्हटल्यावर शरच्चंद्रांचा हात थांबत नाही. त्यांनी रजिस्टर काढलं, पासवर्डचं पान उघडलं, एका बोटाने एकेक अक्षर टिपत 'देवस्थळी' लिहिलं, पासवर्ड लिहिला. मध्ये एक प्रश्न आला, सुरक्षा कोणत्या प्रकारची. चार पर्याय होते. त्यांनी सगळ्यात लांब नावाचा निवडला. लांब म्हणजे पक्का. मग रजिस्टरमध्ये नोंद केली, सही ठोकली, राउटर चालू केला, आणि काम चोख झाल्याच्या समाधानात पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

पाच मिनिटांनी आतून आरोळी आली.

"कोणी हात लावला? याला कोणी हात लावला?"

अजेय कमरेला टॉवेल आणि हातात टॅबलेट अशा अवतारात उभा होता. डोळे मोठे झालेले, आवाज फाटलेला. वास्तविक तो आनंद होता. पाच आठवडे ज्याची वाट बघितली ते समोर आलं होतं, वर 'देवस्थळी', खाली पुन्हा 'देवस्थळी'. पण सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला "कोणी केलं?" हा प्रश्न आनंदाने विचारता येतो हे माहीत नसतं. तिथे तो एकाच कारणासाठी विचारतात.

"मी गॅलरीत आहे," शरच्चंद्र म्हणाले. "पेपर वाचतोय."

(हे खोटं नव्हतं. फक्त अपुरं होतं.)

एवढ्यात, मघाशीच वर आलेल्या शकुनताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांचा स्वभाव सरळ. "मी टेबल पुसताना त्याच्यावरून फडका फिरवला होता रे. बिघडला का?"

अजेयने घाईघाईने फोटो काढला आणि टॅबलेट लॅपटॉपला जोडला. जोडताना तो बंद पडून पुन्हा चालू झाला, आणि उघडून बघतो तर यादी परत शहाण्यासारखी. 'देवस्थळी' एकदाच, सगळ्यात वर.

त्याने टीमच्या प्रमुख अमृतादींना फोन लावला. त्यांचा आवाज गॅलरीपर्यंत आला. "फोटो तो ठीक है रे, लेकिन हुआ कैसे? स्टेप्स बोलो. स्टेप्स नहीं मिला तो फिक्स भी नहीं होगा."

"दीदी, मां ने कपड़े से पोंछा था."

अमृतादींनी तोडगा काढला. "तो आबार पोंछो." (आबार म्हणजे पुन्हा.)

शनिवारचा उरलेला दिवस आणि अख्खा रविवार देवस्थळींच्या घरात टॅबलेट पुसला गेला. सुका फडका. ओला फडका. जुन्या पंच्याचा. जुन्या साडीचा. डावीकडून उजवीकडे, मग उलटं. अजेय प्रत्येक वेळी वहीत लिहून घेई आणि मान हलवी. शकुनताईंनी एकदा बोटात अंगठी घालून आणि एकदा काढून पुसून दाखवलं. "त्या दिवशी मी दारातून आले, मग आधी पाणी प्यायले," असं त्यांना आठवलं, तेव्हा अजेयने त्यांना पुन्हा तीन मजले खाली पाठवलं, वर आल्यावर पाणी प्यायला लावलं आणि मग पुसायला सांगितलं. खाली मासेवाल्याने विचारलं, "बौदी, की होलो?" (वहिनी, काय झालं?) शकुनताईंना काय सांगावं कळेना.

शरच्चंद्र हे सगळं पेपराआडून बघत होते. सांगावंसं त्यांना तीनदा वाटलं. पहिल्यांदा वाटलं तेव्हा अमृतादींचा फोन आला. दुसऱ्यांदा त्यांनी "अजेय" अशी हाक मारली आणि तो वळल्यावर "पंखा वाढव जरा" म्हणाले. कारण सांगायचं तरी काय? आपण चूक केली असं त्यांना मनापासून वाटतच नव्हतं. नोंद गेली होती, ती आपण परत घातली. ही दुरुस्ती झाली. दुरुस्तीने कधी बिघाड होतो का? आणि शिवाय एक ओळ खोडायला पाच मिनिटं लागतात असं सकाळी सांगून बसलेल्या माणसाने संध्याकाळी "हात मी लावला होता" म्हणायचं म्हणजे फार झालं.

तिसऱ्यांदा वाटलं ते रविवारी संध्याकाळी. शकुनताई स्टुलावर चढून माळ्यावरची मोठी बॅग काढत होत्या.

"कशाला काढतेस?"

"ऊन दाखवून ठेवते. लागली तर." त्यांनी बॅग जमिनीवर ठेवली, उघडली, आतला डांबरगोळ्यांचा वास घेतला आणि परत बंद केली. "नोएडाला थंडी फार असते म्हणतात. त्याचे स्वेटर आखूड झालेत."

शरच्चंद्र उठून बॅगेचं हँडल बघू लागले, ते नीट होतं तरी.

सोमवारी ते कामावर गेले. गोदीत अकराच्या सुमाराला कॉम्प्युटर बंद पडले, तासाभराने चालू झाले, आणि दुपारी जयप्रकाश नावाचे त्यांच्या हाताखालचे इन्स्पेक्टर एक कागद घेऊन आले. एकाच मालाच्या दोन नोंदी दिसत होत्या. एक मुख्य यादीत, एक खाली.

शरच्चंद्रांचा पारा चढला. या विषयावर त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. वर्षातून चार-पाचदा ते करत आणि आसपासची माणसं त्या वेळी चहाला निघून जात.

"जयप्रकाशजी, कितनी बार बोला है? सिस्टम बंद हुआ तो बैठे रहो. आप लोगों से बैठा नहीं जाता. हाथ से एंट्री डालते हो. फिर सिस्टम चालू होता है, पुरानी एंट्री अपने आप वापस आती है, और नई वाली नीचे पड़ी रहती है. एक ही चीज़, दो जगह! अरे, जो पहले से है उसको दोबारा कौन डालता है? कोई समझदार आदमी..."

इथे शरच्चंद्र थांबले.

जयप्रकाश वाट बघत राहिले. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं आणि ते येत नव्हतं. "सर?" त्यांनी विचारलं. "समझदार आदमी?"

"कोई नहीं," शरच्चंद्र म्हणाले, आणि अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहायला बसले.

खिदिरपूरहून बेहाला काही लांब नाही, पण वाटेत तारातलाच्या चौकात बस अडकली की माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. शरच्चंद्रांनी तो सत्कारणी लावला. कबुली द्यायची हे ठरलं. फक्त ती कशी द्यायची, याचे काही प्रकार असतात. "मी केलं" हा एक. दुसरा म्हणजे, एका अनुभवी अधिकाऱ्याने कार्यालयीन कामकाजाच्या आधारे लावलेला तर्क. मुलाची नोकरीही वाचेल आणि वडिलांची अब्रूही. बेहाला चौरस्ता येईपर्यंत त्यांचं भाषण तयार झालं होतं.

घरात शिरले तर अमृतादी सोफ्यावर बसल्या होत्या, हातात पोह्यांची बशी. चाळिशीच्या, चष्मेवाल्या, आवाजावरून वाटल्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच शांत. उद्या शेवटचा दिवस म्हणून त्या स्वतः आल्या होत्या. शेजारी अजेय, समोर शकुनताई. तिघंही गप्प होते. शरच्चंद्रांना वाटलं, हताश झाले आहेत बिचारे.

"काकू, आशुन, बोशुन," अमृतादी उठत म्हणाल्या. (म्हणजे या, बसा. आणि बंगालीत काकू म्हणजे काका. सोळा वर्षं झाली, तरी ही हाक आली की शरच्चंद्र आधी शकुनताईंकडे बघत.)

ते बसले नाहीत. भाषण उभ्याने करायचं असतं.

"अजेय, मी तुझ्या प्रश्नावर विचार केला," त्यांनी सुरुवात केली. "समजा, एक माणूस आहे. कुणीही. वयस्कर, जबाबदार. त्याने समजा काही तपासणीसाठी राउटर बंद केला. यादीतून नाव गेलं. तर असा माणूस काय करेल? तो हाताने नोंद करेल. आणि राउटर चालू झाल्यावर काय होईल? जुनी नोंद परत येईल, नवी खाली पडून राहील. मी असं म्हणत नाही की असं झालंय. मी फक्त एक शक्यता मांडतोय. अशी माणसं असतात."

"असतात," शकुनताई म्हणाल्या.

"आमच्या खात्यात बघितलेली आहेत मी."

"हो का."

"तर माझं म्हणणं, अजेय, तू अशा एखाद्या माणसाची कल्पना करून—"

शकुनताईंनी टीपॉयवरचं निळं रजिस्टर उचललं, उघडलेलंच होतं, आणि त्यांच्याकडे फिरवलं. अमृतादींना वायफायचा पासवर्ड हवा होता म्हणून त्यांनी ते तासाभरापूर्वी काढलं होतं. पासवर्डच्या खाली, शरच्चंद्रांच्या वळणदार अक्षरात, लाल शाईत लिहिलं होतं: 'शनिवार, स. १०.४०. टॅबलेटच्या यादीत नेटवर्क आढळले नाही. हाताने नोंद केली. सुरक्षा: सर्वांत लांब.' त्याखाली सही, एस.डी.

अमृतादी बशीतल्या पोह्यांकडे बघू लागल्या.

"मी दोन दिवस जिना चढतेय उतरतेय," शकुनताई शांतपणे म्हणाल्या. "पाणी पितेय."

"बाबा, तुम्ही का बोलला नाहीत?" अजेयने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त लागलं.

शरच्चंद्र खुर्चीत बसले. भाषण संपलं होतं. "तू ओरडलास," ते म्हणाले. "मला वाटलं मी तुझं काम बिघडवलं. तू जाणार, आणि ते माझ्यामुळे, असं वाटलं मला. मग तोंडच उघडेना."

अजेय उठून त्यांच्या शेजारी येऊन बसला. अमृतादींनी बशी खाली ठेवली आणि टॅबलेट पुढे सरकवला.

"काकू, फिर से करके दिखाइए. जैसा शनिवार को किया था. बिल्कुल वैसा."

आणि शरच्चंद्रांनी करून दाखवलं. टीव्हीमागे हात घातला, राउटर बंद केला, परत आले, चष्मा सरळ केला, अधिकचं चिन्ह दाबलं, एका बोटाने एकेक अक्षर टिपलं. अजेय मागे उभा राहून लिहून घेत होता. "सुरक्षेत कुठलं निवडलं?" "सर्वांत लांब." "कारण?" "लांब म्हणजे पक्कं." त्याने तेही लिहून घेतलं. सवयीने शरच्चंद्रांनी मध्येच रजिस्टर ओढून सही केली, तेव्हा अमृतादींनी विचारलं की ही स्टेप जरुरी आहे का. राउटर चालू झाला. चौघांनी माना वाकवल्या. यादी भरली.

वर 'देवस्थळी'. खाली, 'जॉय मा तारा'च्या लगेच वर, पुन्हा 'देवस्थळी'.

"हो गया!" अमृतादी ओरडल्या. "ओरे बाबा, हो गया!"

शकुनताईंनी डोळ्यांना पदर लावला. मग त्या आत गेल्या, आणि माळ्यावर बॅग ढकलल्याचा आवाज आला.

मंगळवारी दुपारी अजेयचा दोन ओळींचा निरोप आला. कारण सापडलं, दुरुस्ती झाली, तो कायम झाला. आणि खाली आणखी एक ओळ होती: 'बाबा, आमच्या टेस्टच्या यादीत आता तुमच्या नावाची एक टेस्ट आहे. एस.डी.'

हे वाचून शरच्चंद्र हवेत गेले. मंडळाच्या वार्षिक सभेत त्यांनी खजिनदारांचा अहवाल अर्धा झालेला असताना ही बातमी शेजारच्या दिगंबर गोळ्यांना सांगितली. दिगंबरराव बँकेतून निवृत्त झालेले, शंका काढणारे गृहस्थ.

"तुमच्या नावाची?"

"माझ्या नावाची. कंपनीचा प्रत्येक टॅबलेट बाजारात जायच्या आधी आता माझ्या परीक्षेतून जातो. मी म्हणजे एक प्रकारे अप्रेझरच झालो तिथला."

खिचडीच्या रांगेत दिगंबररावांनी अजेयला गाठलं. "काय रे, वडिलांच्या नावाची टेस्ट आहे म्हणे? कशाची?"

अजेय जरा घुटमळला. "काका, आमच्या यादीचे दोन भाग आहेत. एकात लोक नेहमी जे करतात ते. दुसऱ्यात, कुणी करणार नाही पण समजा केलंच तर टॅबलेट टिकेल की नाही, ते. बाबांची टेस्ट त्या दुसऱ्या भागात आहे."

"अजून काय काय आहे त्या भागात?"

"अजून दोनच आहेत. टॅबलेट पाण्याच्या बादलीत पडला तर. आणि दोन वर्षांच्या मुलाच्या हातात एकटा राहिला तर."

शरच्चंद्र मागेच उभे होते, हातात रिकामी बशी. त्यांनी ऐकलं, थोडा विचार केला, आणि एक तांत्रिक मुद्दा विचारला.

"क्रम कसा लावलाय?"

"धोक्याप्रमाणे, बाबा. जास्त धोका असेल ते वर."

"मग मी कुठे?"

"सगळ्यात वर," अजेय म्हणाला. "बादली तुमच्या खाली आहे."

शरच्चंद्रांनी मान हलवली आणि बशी पुढे केली. "एकदाच आहे ना?" त्यांनी विचारलं. "खाली परत दिसत नाही ना?"